खलीलभाई आणि एकच रिमोट

खलीलभाई दुकानात बसलेले असले की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या हातून खिळा पडला तरी ओरडून सांगत, "उचल रे, पाऊण इंची आहे!" आणि हेच खलीलभाई मधला उंबरा ओलांडून घरात गेले की ठार बहिरे होत. कानामागे पंजा लावून, मान वाकडी करून म्हणत, "मोठ्यानं बोला मास्तर, मोठ्यानं! ऐकायला येत नाही."

दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक भिंत आणि एक दार. त्या दाराच्या अलीकडे कान तीक्ष्ण, पलीकडे बंद. हा चमत्कार जव्हारच्या आमच्या गल्लीनं कितीतरी वर्षं पाहिला. वर्गणी मागायला लोक घरात गेले की तर हटकून. त्यामुळे मीच एकदा चहाच्या टपरीवर त्यांना नाव ठेवलं, 'सोयीचे बहिरे'. मी शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. मास्तरानं ठेवलेलं नाव लवकर चालतं. महिन्याभरात जामसरहून बाजाराला आलेली माणसंसुद्धा "सोयीच्या बहिऱ्याचं दुकान कुठं?" असं विचारू लागली.

हे नाव माझं, हे आधी कबूल करून टाकतो. याहून वाईट कबुली पुढे आहे.

खलीलभाई पत्र्याचं काम करत. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, पन्हाळी, नरसाळी, अंघोळीचे बंब. त्यांच्या हातची कोठी उंदराला दात लावू देत नसे. अंगानं किरकोळ, दाढी मेंदीनं लाल, आणि आवाज मात्र डोंगराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी असा. "आयुष्यभर पत्र्यावर ठोकणारा माणूस दुसरं कसं बोलणार?" असं त्यांचं म्हणणं. कोणतीही गोष्ट समजून घ्यायची त्यांची रीत एकच. बोटाच्या पेरानं तीनदा ठोकायचं. कलिंगड ठोकायचे, दार ठोकायचे, नवीन जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवरसुद्धा तीनदा ठोकलं आणि म्हणाले, "भरीव आहे." ठोकल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. माझ्या शिक्षणशास्त्राच्या पदवीत यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं.

त्यांचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. सकाळी आठला ठोकाठोक सुरू होई, ती दुपारी बाजार मिटेपर्यंत. मग चारपर्यंत शांतता, मग पुन्हा दिवेलागणीपर्यंत. मला त्याची सवय झाली होती. त्रास सुरू झाला तो टीव्हीनं.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. वाडा गावी दिलेल्या त्यांच्या लेकीनं एकवीस इंची रंगीत टीव्ही पाठवला. खलीलभाईंच्या बायकोचे, जुबेदाभाभींचे, गुडघे धरले होते, बाहेर जाणं बंद झालं होतं. तेव्हा आईला दुपारी काही करमणूक, हा हेतू. खलीलभाईंनी टीव्ही तीनदा ठोकला आणि निकाल दिला, "पोकळ आहे. आवाज नाही याला."

आवाज होता. माझ्या खाटेवर पडून मला मालिकेतल्या सासूचे उसासेसुद्धा ऐकू येत होते. पण खलीलभाईंना पटेना. त्यांनी लाउडस्पीकरवाल्याकडून एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला, मोडक्या टेपरेकॉर्डरमधले चार भोंगे काढले, आणि तीन फूट लांब, वीतभर उंच असा पत्र्याचा डबा बनवला. समोर जाळी, कडा कथलानं झाळलेल्या, बाहेरून काळा रंग. तो टीव्हीखाली ठेवला आणि मागून तारा जोडल्या. आज माझ्या मुलाच्या घरी टीव्हीखाली अशीच एक लांब काळी पट्टी आहे. तिला साउंडबार म्हणतात, हे तो मला समजावून सांगत होता. मी ऐकून घेतलं. मी ती वीस वर्षांपूर्वी पाहिलेली, आणि ती पावसात ठेवली तरी गंजत नव्हती.

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. खलीलभाईंनी सगळ्यांना सांगितलं, "टीव्हीबरोबर आलाय. कंपनीचाच आहे."

"चाचा, तुम्हीच तर ठोकत होता परवा," एकजण म्हणाली.

"काय? मोठ्यानं बोल!" खलीलभाई घरात होते.

आता अडचण अशी की टीव्ही रिमोटचं ऐके, डब्याचा आवाज मात्र अ‍ॅम्प्लिफायरचं बटण पिळल्याशिवाय हलत नसे. भाभी खाटेवर बसून रिमोटचं बटण दाबत. पडद्यावर हिरव्या रेघा सरसर वाढत, पार टोकाला जात. डबा आपला होता त्याच सुरात. कुजबुजीचा प्रसंग आला की भाभी रेघा वाढवत आणि वैतागून म्हणत, "या टीव्हीचं बटणच खोटं आहे!" ते ऐकून खलीलभाई दुकानातून हातोडा टाकून धावत, पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्तानं टीव्हीमागे जात आणि बटण पिळून येत. जाहिरात लागली की पुन्हा धाव, कारण आता भिंती हादरत असत. एका तासात आठ-दहा तांबे पाणी. कोठ्यांचं काम मागे पडू लागलं.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच घुसलं. टीव्हीच्या रिमोटनं डबा हलला पाहिजे. रिमोट एकच. दुसरा नको, दोरी नको, उठबस नको. भाभींनी खाटेवरून बोट दाबलं की आवाज वाढला पाहिजे, बस्स.

पहिला प्रयोग पत्र्याचा. रिमोटमधून किरण निघतो आणि टीव्हीच्या डोळ्यात जातो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खलीलभाई म्हणाले, "जातो ना? मग वळवू. पन्हाळीतलं पाणी वळतं तर हा का नाही वळणार?" त्यांनी कोरा चकचकीत पत्रा घेऊन त्याला अर्धा काटकोन दिला आणि टीव्हीसमोर एक पन्हाळ बसवली. किरण पन्हाळीत पडणार, खाली घसरणार आणि डब्यात जाणार! परिणाम असा झाला की टीव्हीनंही ऐकणं सोडलं. मग ते पन्हाळीचा कोन बदलत राहिले. मी, शिंपी आणि टपरीवाला दारात उभे राहून "जरा डावीकडे, चाचा" असं सांगत होतो. मला तर हसू आवरण्यासाठी दोनदा बाहेर जावं लागलं.

दुसरा प्रयोग डोळ्याचा. एका जळक्या टीव्हीचा डोळा काढून त्यांनी डब्याला झाळला. डोळा काही दिवस आमच्याकडे बघत राहिला, एवढंच.

मग ते मोखाड्याला गेले. तिथे गंगाराम नावाचा खोडाळ्याचा माणूस रेडिओ-टीव्ही दुरुस्त करी. हाताला गुण असलेला. खलीलभाईंनी तीन फुटी डबा चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला. सोबत मीही होतो, तमाशा चुकवायचा नव्हता म्हणून. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, काय आहे त्यात?"

"आवाज," खलीलभाई म्हणाले.

गंगारामनं डबा उलटासुलटा केला. "चाचा, चांगला बनवलाय. पन त्याचं काय हाय, टीव्हीला डोळा हाय. याला डोळा नाय, कान नाय. रिमोट किती बी दाबा, यो बहिराच!"

एवढ्यावर खलीलभाई ताडकन उठले. "बहिरा कुणाला म्हणतोस?"

"अवो, डब्याला..."

"डब्याला पण म्हणायचं नाही!"

गंगाराम बिचारा गोंधळला. "बरं, नाय म्हनत. दुसरा रिमोटवाला मिळतो, तो घ्या. दोन रिमोट ठेवा. एक टीव्हीला, एक आवाजाला."

"एकच," खलीलभाईंनी डबा चादरीत बांधला. परतीच्या घाटात त्यांनी तो मांडीवरून हलू दिला नाही. मी मात्र टपरीवर जाऊन 'डब्याला पण म्हणायचं नाही' हा प्रसंग आवाज काढून दाखवला. फार रंगला.

आता कबुली.

मोखाड्याला जाण्याच्याही आधी, टीव्ही आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, खलीलभाई त्याचं माहितीपुस्तक घेऊन माझ्याकडे आले होते. "मास्तर, इंग्रजी आहे. यात कुठं लिहिलंय का बघा, रिमोटनं बाहेरचा आवाज कसा वाढतो ते." मी पुस्तक ठेवून घेतलं आणि सावकाश वाचलं. तेविसाव्या पानावर ते होतं. दोन ओळी. टीव्हीतून बाहेर जाणारा आवाज स्थिर ठेवायचा की बदलता ठेवायचा, हे रिमोटवरच्या मेनूत जाऊन ठरवता येतं. बदलता ठेवला की टीव्हीच्याच रिमोटनं बाहेरचा भोंगा कमीजास्त होतो. दोन मिनिटांचं काम, न पत्रा न झाळकाम.

दुसऱ्या दिवशी खलीलभाईंनी विचारलं, "काही सापडलं?"

मी म्हणालो, "काही नाही. सगळ्या सूचना आहेत. ओल्या हातानं प्लग धरू नका वगैरे."

का म्हणालो? मला दुपारी दोन ते साडेतीन झोपायची सवय. बाजार मिटल्यावर तेवढीच शांतता मिळे, आणि नेमका त्याच वेळी भाभींचा सिनेमा लागे. त्यांच्या हातात आवाजाची चावी दिली तर आपली झोप संपली, हा सरळ हिशोब मी केला. पण ते अर्धंच कारण. शाळा सुटल्यापासून माझ्याकडे रोज येणारं माणूस एकच होतं. खलीलभाई रोज संध्याकाळी नवी युक्ती घेऊन येत, "मास्तर, असं केलं तर?" आणि मी गंभीर चेहऱ्यानं "करून बघा" म्हणे. प्रश्न सुटला असता तर ते कशाला आले असते? अकरा महिने मी त्या माणसाला तेविसावं पान माहीत असताना पन्हाळी वळवायला लावल्या. पुस्तकही परत केलं नाही.

एका दुपारी, बाजार मिटायच्या वेळी, मी दुकानात गेलो तर खलीलभाई डब्याच्या मागे लोखंडी सळई बसवत होते. सळई भिंतीतून दुकानात यायची, म्हणजे इथूनच बटण पिळता येईल. भिंतीला भोक पाडताना त्यांनी अंगठा ठेचून घेतला होता. रक्तानं फडकं भिजलेलं. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. उलट रागच आला. बहुतेक स्वतःचाच, पण काढला त्यांच्यावर.

"खलीलभाई, काय हा हट्ट! गंगारामनं सांगितलं तसा दुसरा रिमोट आणा. भाभींना दोन रिमोट धरता येत नाहीत का?"

त्यांनी उठून मधलं दार ओढून घेतलं. माझ्याजवळ आले आणि बोलू लागले. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. इतका हळू, की मलाच पुढे वाकावं लागलं.

"मास्तर, जुबेदाला कमी ऐकू येतं. तिला माहीत नाही."

मी बंद दाराकडे पाहिलं.

"तिला वाटतं, हल्ली लोकच हळू बोलतात. मला म्हणते, 'अहो, पूर्वी माणसं कशी मोकळं बोलायची!' मी म्हणतो, 'हो गं, जमाना नरम झालाय.' तिची अम्मी अशीच झाली होती. मग घरात तिच्याशी कुणी बोलेना. पाहुणे आले की तिला सोडून सगळ्यांशी बोलायचे. जुबेदा तेव्हा म्हणायची, कान गेले की माणूस भांड्यांच्या फळीवर जातं. म्हणून हिला कळू द्यायचं नाही. आवाजाचा वेगळा रिमोट कुणाच्या घरात असतो? बायका विचारतील, हा कशाला? टीव्हीचाच पाहिजे. सगळ्यांच्या घरात असतो तसा."

"आणि तुमचं ते... घरात ऐकू येत नाही, ते?"

"मग लोक मोठ्यानं कशी बोलतील?" ते साधेपणानं म्हणाले. "मला बहिरा समजून ओरडतात. तिला सगळं ऐकायला मिळतं. ती उत्तरं देते, हसते. मला काय, हसतात तर हसू दे."

मग त्यांनी हातोड्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं ती भिंतीपलीकडे रांधते, मी इकडे ठोकतो. ठोकल्याशिवाय कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तिच्या कानावर ठोकतोय, हे कळलं नाही मला."

भाभी आता नाहीत. म्हणून हे आज लिहिता येतं आहे. त्या होत्या तोवर त्यांच्या घरात कोणतीच गोष्ट हळू सांगायची सोय नव्हती, आणि ही ओरडून सांगण्यासारखी नव्हती.

मी घरी जाऊन पुस्तक घेऊन आलो. पायऱ्या चढताना तेविसावं पान उघडलं आणि दारातूनच ओरडलो, "खलीलभाई, सापडलं! छपाई फार बारीक होती हो!" खोटं बोलण्यातसुद्धा मी काही नवं शोधू शकलो नाही.

भाभींच्या हातातून रिमोट घेतला. "जरा मागतो हं भाभी!" मी मनापासून ओरडलो. मेनू उघडला, तीन बटणं दाबली, 'स्थिर'चं 'बदलता' केलं. रिमोट परत दिला. पडद्यावर बातम्या चालल्या होत्या. भाभींनी सवयीनं बटण दाबलं. हिरव्या रेघा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर पत्र्याचा डबा हळूहळू भरत गेला, विहिरीला पाणी लागावं तसा. भाभींनी कमी केला, पुन्हा वाढवला.

"बघा," त्या म्हणाल्या, "ही बाई आता कुठं नीट बोलायला लागली!"

खलीलभाईंनी टीव्हीवर तीनदा ठोकलं. मग माझ्या पाठीवर तीनदा. भरीव म्हणाले नाहीत, ते बरं झालं. मला ते सहन झालं नसतं.

पुढचे काही महिने माझे फार वाईट गेले. म्हणजे, कौतुकात गेले. खलीलभाई येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगत, "मास्तरांनी शोधलं! अकरा महिने मी पत्रा वाकवत बसलो, मास्तरांनी एका पानात शोधलं. शिक्षण ते शिक्षण!" ईदच्या शीरखुर्म्याची पहिली वाटी माझ्याकडे आली. जामसरहून, वांगणीहून माणसं टीव्हीची, पंपाची, शिलाई मशीनची माहितीपुस्तकं घेऊन माझ्याकडे येऊ लागली. गंगारामनं मोखाड्याहून निरोप धाडला की गुरुजींना विचारा, येऊन एकदा दाखवतील का. आणि खलीलभाईंनी मला एक ट्रंक करून दिली. झाकणावर खिळ्यानं ठोकून अक्षरं उमटवली होती : 'मास्तर'. मी प्रत्येक वेळी ठरवी, आज सांगायचं. ते समोर उभे राहून इतक्या समाधानानं हसत की मी पुन्हा ट्रंकेचंच कौतुक करी. ते संध्याकाळी यायचे मात्र थांबले नाहीत. प्रश्न नव्हता तरी येत आणि नुसते बसत. ते मला कधी सुचलंच नव्हतं.

झोपेचं म्हणाल, तर मी कानात कापूस घालून तयारीत होतो. पण गंमत अशी की दोन वाजले की पलीकडचा आवाज उतरे आणि पार बंद होई. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मला वाटलं, मेनू पुन्हा बिघडला. एका दुपारी बघायला म्हणून मागच्या अंगणात गेलो. त्यांची खिडकी उघडी होती.

टीव्ही चालू होता. नायिका रडत होती, नायक हात जोडत होता, आणि डब्यातून मुंगीइतकासुद्धा आवाज नव्हता. भाभी खाटेवर, रिमोट मांडीवर. खलीलभाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसून हातवारे करून गोष्ट सांगत होते. नायकासाठी मिशीला पीळ, सासूसाठी कंबरेवर हात. भाभी ओढणी तोंडाशी धरून हसत होत्या. पडद्यावर एकाएकी लढाई सुरू झाली आणि खलीलभाई उत्साहानं काही बोलणार, तोच भाभींनी त्यांना दटावलं. त्यांना आपला आवाज हळू वाटत असावा. मला तो अंगणात स्पष्ट ऐकू आला.

"हळू हो! मास्तर झोपलेत. म्हातारा माणूस, एवढं आपल्यासाठी शोधून दिलं त्यानं. दीड तास आपण नुसतं बघितलं तर काय बिघडतं?"

मी परत आलो. खाटेकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी बरोबर पावणेदोनला धोतर सावरून, छत्री घेऊन निघू लागलो. त्यांच्या दारात थांबून घसा फोडून ओरडे, "खलीलभाई! मी चाललो हनुमान पॉइंटला! साडेतीनपर्यंत घरी कुणी नाही!"

"या उन्हात, मास्तर?"

"डॉक्टरांनी सांगितलंय!"

कोणत्याही डॉक्टरानं भर वैशाखात दुपारी दोनला चालायला सांगितलेलं नाही. टपरीवर माझं नाव पडलं, 'उन्हाळी मास्तर'. शिंप्यानं ठेवलं, मी तक्रार केली नाही. पुढली कितीतरी वर्षं मी तसाच जात राहिलो. वळणावर पोचलो की थांबायचो. मागे बाजार मिटलेला, कुत्री सावलीला. मग पत्र्यांच्या छपरांवरून आधी अस्पष्ट, मग एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा वाढत त्या सिनेमातली बाई रडायला लागायची. तेवढं ऐकून मी छत्री उघडायचो आणि पुढे चालायला लागायचो.